बॉक्साइटचे शुद्धीकरण : सोडा, आच आणि पाणी



वसंत व्याख्यानमालेत दगडावर व्याख्यान ठेवले आहे हे कळल्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील, असा माझा अंदाज होता. तो आपण खोटा ठरविला, ह्याबद्दल आधी आभार मानतो. विषय थोडा रुक्ष आहे खरा. पण त्याचे एक टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि दुसरे आपल्या पश्चिमेच्या डोंगरमाथ्यावर. मधला प्रवास तेवढा आपल्या नजरेआड होतो, आणि आज बोलावयाचे आहे ते त्या मधल्या प्रवासाविषयी.

जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत अजून 'जर्मनचे पातेले' हा शब्द चालतो. हे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. ही धातू निसर्गात मोकळी सापडत नाही. पृथ्वीच्या कवचात तिच्याइतकी विपुल धातू दुसरी नाही, वजनाने सुमारे आठ टक्के. तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सोन्याच्या पंक्तीला बसत असे, कारण तिला मातीतून सोडविणेच कोणाला परवडत नव्हते. आज ती दोन टप्प्यांत सुटते. पहिल्या टप्प्यात बॉक्साइट ह्या दगडापासून ॲल्युमिना नावाची, बारीक मिठासारखी दिसणारी पांढरी भुकटी काढतात. दुसऱ्या टप्प्यात ती भुकटी वितळलेल्या क्षारात विरघळवून तिच्यातून वीज सोडतात, तेव्हा धातू तळाशी जमते. दुसऱ्या टप्प्याला टनामागे तेरा ते पंधरा हजार युनिट वीज लागते. एवढा मोठा आकडा असल्यामुळे लोक बोलतात ते ह्या विजेबद्दलच. पहिला टप्पा बिचारा दुर्लक्षित राहतो. वास्तविक तो टप्पा म्हणजे कुटणे, शिजविणे, निवळणे, विरजण लावणे आणि भाजणे. ह्यातले एकही काम असे नाही, की जे आपल्या घरी होत नाही. आणि घरात जशी काटकसर मोठ्या खर्चात नसते, रोजच्या सांडलवंडीत असते, तशीच ती ह्या कारखान्यातही असते.

आधी दगडाची गोष्ट सांगतो.

आपण बसलो आहोत तो प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा, काळ्या कातळाचा. शिवनेरी त्याचीच, नाणेघाटही त्याचाच. ह्या कातळात सुमारे निम्मी सिलिका असते आणि ॲल्युमिना शंभरात तेरा-पंधरा भाग. आता असा कातळ उंच, सपाट माथ्यावर लाखो वर्षे उघडा पडला, त्यावर घाटमाथ्याचा पाऊस कोसळत राहिला आणि पाणी साचून न राहता खाली झिरपून जात राहिले, म्हणजे त्यातला चुना, मॅग्नेशिया, सोडा आणि हळूहळू सिलिकाही वाहून जाते. मागे राहतात ते न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिना. हाच आपला जांभा दगड. भीमाशंकरच्या परिसरातील उंच माथ्यांवर आणि जुन्नरच्या पश्चिमेस दुर्गावाडी-हातवीजकडच्या पठारावर तो पायांखाली लागतो. लालसर, भोकाभोकांचा, काळ्या कातळावर टोपी घातल्यासारखा. जिथे ह्या धुण्यात लोहसुद्धा बऱ्याच अंशी निघून गेले आणि ॲल्युमिनाचे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांवर चढले, त्या जांभ्यास बॉक्साइट म्हणतात. म्हणजे शुद्धीकरणाचा पहिला कारखाना पावसाने चालविला. मजुरी घेतली नाही, घाईही केली नाही. प्रत्येक जांभा मात्र बॉक्साइट नव्हे, हे ध्यानात ठेवावे. एकाच माथ्यावर दहा पावलांत प्रत बदलते.

हे नाव आले फ्रान्समधल्या ले बो ह्या गावावरून. पिएर बेर्तिए ह्या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये तिथल्या तांबड्या मातीत ॲल्युमिना ओळखला. आपल्याकडचे नाव घ्यावयाचे तर कोल्हापूर जिल्ह्याचे घ्यावे लागेल. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड ह्या तालुक्यांच्या माथ्यांवर चांगल्या प्रतीचे बॉक्साइट आहे. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीची खाण त्यात प्रसिद्ध. तिथला दगड घाट उतरून बेळगावला जातो. बेळगावचा ॲल्युमिनाचा कारखाना इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने १९७० च्या सुमारास सुरू केला. २००० मध्ये ती कंपनी हिंडाल्कोच्या ताब्यात गेली. आज तिथे विशेष प्रतीचा ॲल्युमिना होतो. हा ॲल्युमिना भट्टीच्या विटा, चिनी मातीची उपकरणे, झिलईची पूड अशा कामांस जातो. महाराष्ट्रातही हा उद्योग यावा असा बेत होता. १९६५ मध्ये भारत ॲल्युमिनियम कंपनी स्थापन झाली, तेव्हा कोरबा आणि कोयना असे दोन प्रकल्प तिच्यापुढे होते. कोयनेची वीज, आणि सह्याद्रीचे बॉक्साइट. कोरबा झाले; आपल्याकडचे राहिले.

आता कारखान्यात जाऊ.

कार्ल योझेफ बायर हा ऑस्ट्रियन रसायनज्ञ रशियात सेंट पीटर्सबर्गला एका रासायनिक कारखान्यात नोकरीस होता. त्याला भांडी करावयाची नव्हती की विमाने. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी जो ॲल्युमिनाचा क्षार वापरतात, तो स्वस्तात हवा होता. आपली तुरटी ह्याच घराण्यातली. त्या काळची रीत अशी होती की, ॲल्युमिना सोड्यात विरघळवावयाचा आणि मग त्या द्रावणात कर्बाम्ल वायू सोडून तो खाली बसवावयाचा. ह्यात ॲल्युमिना मिळे, पण दाहक सोडा साध्या धुण्याच्या सोड्यात बदलून जाई. म्हणजे प्रत्येक खेपेस सोडा गेला. बायरने १८८७-८८ च्या सुमारास असे पाहिले की, वायूची गरजच नाही. द्रावण थंड करून त्यात आधीच तयार असलेले ॲल्युमिनाचे थोडे स्फटिक टाकून ढवळत राहिले, की विरघळलेला ॲल्युमिना आपोआप त्या स्फटिकांवर येऊन बसतो आणि सोडा जसाच्या तसा मोकळा होतो. पुढे १८९२ मध्ये त्याने दुसरी गोष्ट दाखविली : हा मोकळा झालेला सोडा दाबाखाली तापविला, की नव्या बॉक्साइटमधला ॲल्युमिना तो पुन्हा विरघळवितो. झाले, वर्तुळ पूर्ण झाले. तोच सोडा फिरत राहतो. तापतो, ॲल्युमिना उचलतो, निवळतो, थंड होतो, ॲल्युमिना खाली ठेवतो आणि पुन्हा तापावयास जातो. जगात आज वर्षाला सुमारे चौदा कोटी टन ॲल्युमिना होतो, त्यातला बहुतेक ह्याच रीतीने.

तेव्हा ह्या धंद्यात कार्यक्षमता म्हणजे काय, ह्याचे उत्तर ह्या फेऱ्यातच आहे. फेरा चालू असताना किती सोडा, किती आच आणि किती ॲल्युमिना बाहेर गळतो, एवढाच प्रश्न. गळतीच्या जागा काही अगदी वेगळ्या, काही एकमेकींत गुंतलेल्या.

सर्वांत मोठी चोर म्हणजे दगडातली चिकणमाती. सिलिका सगळीच वाईट नसते. वाळूच्या रूपात असेल तर सौम्य आचेवर ती सोड्याला हात लावत नाही. पण चिकणमातीतली सिलिका सोड्यात विरघळते, आणि थोड्याच वेळात सोडा व ॲल्युमिना दोघांना कवटाळून नवाच न विरघळणारा पदार्थ होऊन गाळात बसते. त्या पदार्थाच्या घडणीवरून हिशेब केला तर असे दिसते की, एक किलो सिलिका सुमारे नऊशे ग्रॅम दाहक सोडा आणि साडेआठशे ग्रॅम ॲल्युमिना घेऊन बुडते. आता एक टन ॲल्युमिनास अडीच टन बॉक्साइट लागते असे धरू. दगडात अशी सिलिका शेकडा दोन असेल, तर ती झाली पन्नास किलो आणि सोडा गेला पंचेचाळीस किलो. सिलिका शेकडा सहा झाली, की सोडा गेला एकशे पस्तीस किलो. शिवाय सव्वाशे किलोच्या वर ॲल्युमिना गाळात. दगडात चार टक्क्यांचा फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण कारखान्याच्या ताळेबंदात तो नफ्यातोट्याचा फरक असतो. म्हणून पहिली सुधारणा कारखान्यात नव्हे, खाणीतच करतात. दगड निवडून घेणे, चाळणे, पाण्याने खळबळून चिकणमाती काढून टाकणे. तांदूळ शिजविण्याआधी धुतलेला बरा. आपल्या सह्याद्रीच्या बॉक्साइटचा गुण असा की, ते काळ्या कातळापासून झालेले असल्याने त्यात टायटॅनियम आणि लोह भरपूर असले तरी चांगल्या थरात सिलिका कमी असते, आणि त्यातला ॲल्युमिना गिब्साइट ह्या सहज विरघळणाऱ्या रूपात असतो. तो १४०-१५० अंशांवर विरघळतो. बोहमाइट नावाच्या रूपाला सव्वादोनशे-अडीचशे अंश आच लागते आणि डायास्पोर त्याहूनही हट्टी.

शिजविण्याचे भांडे म्हणजे पोलादाचा प्रचंड प्रेशर कुकर. पोलादाचा का, हे गृहिणींना सांगावयास नको. जर्मनच्या पातेल्यात सोडा घातला तर ते काळे पडते आणि झिजते. ॲल्युमिनियमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही, ही त्यातली गंमत.

शिजलेले द्रावण बाहेर पडते तेव्हा त्यात खूप उष्णता असते, आणि पुढचे काम तर थंडपणी व्हावयाचे आहे. ती उष्णता हवेत सोडली तर दिवाळे निघेल. त्यासाठी केलेली युक्ती आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी निराळ्या रूपात पाहिली आहे. विघ्नहर कारखान्यात काय किंवा भीमाशंकर कारखान्यात काय, उसाचा रस आटविताना पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला आच देते, दुसऱ्याची तिसऱ्याला. इथेही तसेच. गरम द्रावण एकामागून एक कमी कमी दाबाच्या टाक्यांत सोडतात. दाब उतरला की ते आपणहून उकळते; निघालेली वाफ आत येणाऱ्या थंड सोड्याला तापविते. टाक्या जितक्या अधिक तितकी उष्णता अधिक परत येते. अर्थात टाकी फुकट येत नाही, म्हणून कुठेतरी थांबावे लागते. ह्या वाफेच्या आधीसुद्धा एक पायरी आहे. बॉयलरमधली जोरकस वाफ थेट शिजविण्यास न नेता आधी तिच्याकडून वीज करून घेतात आणि उतरत्या दाबाची वाफ कामाला लावतात. साखर कारखान्यांनी चिपाडावर वीज करून विकावयास सुरुवात केली, तोच हा विचार.

ह्या उष्णतेच्या देवघेवीचा शत्रू म्हणजे नळ्यांत बसणारा थर. काही वर्षांपूर्वी अशा एका कारखान्यात जाण्याचा योग आला होता. तिथे साफसफाईसाठी उघडलेली नळी पाहिली. आतला पांढुरका थर बोटाएवढा जाड होता. आपल्या विहिरीच्या जड पाण्याने गिझरच्या कांडीवर जो क्षार धरतो, त्याचाच हा थोरला भाऊ. विरघळलेली सिलिकाच ही. नळी तीच, वाफ तीच, पण थरापलीकडच्या सोड्याला आच पोचत नाही. मग वाफ वाढवा, कोळसा वाढवा. नळ्या वेळेवर साफ करणे ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणत्याही शोधात मोजली जात नाही. माझ्या मते मात्र ह्या धंद्यातल्या बचतीचा बराच भाग असल्या बिनकौतुकाच्या कामांत आहे.

द्रावणातून न विरघळलेला लाल गाळ वेगळा करणे हे पुढचे काम. गाळ इतका बारीक असतो की तो लवकर बसतच नाही. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवितो. तसे तिथे पूर्वी पिठाचा स्टार्च घालीत आणि आता कृत्रिम रसायने घालतात. गाळ बसला तरी त्याच्या कणाकणांत सोड्याचे द्रावण अडकलेले असते. ते धुऊन काढले पाहिजे. पण धुण्यास वापरलेले सगळे पाणी फेऱ्यात येते आणि पुढे ते आटवावे लागते. म्हणजे पाणी वाढले की इंधन वाढले. पाणी वाचवावे तर सोडा जातो, सोडा वाचवावा तर कोळसा जातो.

इथे मला थोडे थांबावयाचे आहे, कारण ह्या सगळ्या शास्त्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे. समजा, गाळात एक लिटर द्रावण अडकले आहे आणि त्यात शंभर ग्रॅम सोडा आहे. धुण्यास आपल्याजवळ तीनच लिटर पाणी आहे. पहिली रीत : तिन्ही लिटर एकदम ओता, ढवळा, वरचे पाणी काढून घ्या. चार लिटरांत शंभर ग्रॅम, गाळात एक लिटर उरते, म्हणजे पंचवीस ग्रॅम सोडा गेला. दुसरी रीत : एकेक लिटर करून तीनदा धुवा. प्रत्येक वेळी निम्मा उरतो : पन्नास, पंचवीस, साडेबारा. अर्धी बचत झाली. आता तिसरी रीत पाहा. तीन टाक्या ओळीने ठेवा. गाळ पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाऊ द्या. स्वच्छ पाणी तिन्ही लिटर तिसऱ्या टाकीत घाला. तिथले निवळ दुसरीत, दुसरीचे पहिलीत. गाळ पुढे चालला आहे, पाणी मागे येत आहे. स्वच्छ पाणी सर्वांत स्वच्छ गाळाला भेटते, मळके पाणी सर्वांत मळक्या गाळाला. हिशेब केला तर शेवटी गाळाबरोबर जातो तो फक्त अडीच ग्रॅम सोडा. पाणी तेवढेच, तीन लिटर. गळती पंचवीसवरून अडीचवर!

ही रीत कुठल्या विलायती ग्रंथात प्रथम आली ते राहू द्या. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर कपडे धुणाऱ्या आपल्या आयाबहिणी शेवटच्या खळबळीचे पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या खळबळीला ठेवतात, ती हीच. कारखान्यात तीनच्या जागी पाच-सहा टाक्या असतात, आणि अलीकडे शेवटी गाळ दाबून पिळून काढणारी यंत्रे असतात, एवढाच फरक.

निवळ द्रावण मग थंड करून उंच टाक्यांत नेतात आणि त्यात विरजण लावतात. दह्याचे विरजण जिवंत असते, हे नुसते स्फटिक. उपमा एवढ्यापुरतीच घ्यावी. शिवाय इथे विरजण चमचाभर पुरत नाही. नव्याने मिळणाऱ्या मालाच्या कित्येक पट स्फटिक फिरवत ठेवावे लागतात. काम सावकाशीचे, दीड-दोन दिवस आणि कधी त्याहून जास्त. इथल्या कार्यक्षमतेचे माप असे की, एका लिटर द्रावणामागे किती ग्रॅम ॲल्युमिना उतरला. पन्नास ग्रॅम उतरत असेल तर एक टन ॲल्युमिनासाठी वीस हजार लिटर द्रावण फिरवावे, तापवावे, निववावे लागते. ऐंशी ग्रॅम उतरला तर साडेबारा हजार लिटर. साडेसात हजार लिटर द्रावण तापविण्याचे व उपसण्याचे काम त्या टनामागे वाचले, आणि त्याच टाक्यांतून माल अधिक निघाला. ह्या एका आकड्यासाठी सगळे झगडतात. पण घाईने द्रावण फार थंड केले किंवा विरजण चुकले, तर स्फटिक पिठासारखे बारीक होतात, आणि धातूच्या भट्टीवाल्यांना रवा हवा असतो, पीठ नको. जुन्या युरोपीय कारखान्यांत उतारा जास्त आणि माल पिठूळ, अमेरिकेतल्या कारखान्यांत उतारा कमी आणि माल रवाळ, अशी स्थिती बराच काळ होती. उताराही जास्त आणि रवाही जाड, हे एकत्र साधण्यास पुढच्या पिढीला पुष्कळ खटपट करावी लागली. त्यातच पठारावरच्या मातीबरोबर पालापाचोळ्याचा कुजलेला अंश द्रावणात शिरतो, फेऱ्याफेऱ्याने साठत जातो आणि स्फटिक वाढू देत नाही. पानांचा असा सूड कारखानदाराला वर्षानुवर्षे पुरतो.

शेवटी भाजणे. विरजणातून निघालेल्या स्फटिकांत वजनाने शेकडा साडेचौतीस भाग पाणी असते, तेही ओले पाणी नव्हे, घडणीत बांधलेले. हजार अंशांच्या आसपास भाजल्यावर ते सुटते. पूर्वी लांबच लांब फिरत्या नळकांड्यांच्या भट्ट्या होत्या. त्यांच्या कवचातून आणि धुराड्यातून पुष्कळ उष्णता जाई. आता गरम वायूच्या झोतात कण तरंगत ठेवून भाजतात, आणि भाजलेल्या मालाची उष्णता आत येणाऱ्या हवेला देतात. इंधनात पाव ते एकतृतीयांश बचत झाली. ह्यावर अधिक बोलण्यासारखे नाही. ही सुधारणा पैसे घालून विकत घेता येते, बाकीच्यांना रोजची नजर लागते.

सगळे मिळून जगातल्या कारखान्यांत एक टन ॲल्युमिनास सुमारे दहा-अकरा अब्ज ज्यूल उष्णता लागते. आपल्याकडच्या मध्यम प्रतीच्या कोळशात सांगावयाचे तर सहाशे किलोच्या वर कोळसा. उत्तम कारखाना ह्याच्या पुष्कळ खाली येतो, जुनाट कारखाना दीडपट घेतो. तेच काम, तोच माल.

आता गाळाचे काय? टनामागे एक ते दीड टन लाल गाळ उरतो. हंगेरीत आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा गाळाच्या तळ्याचा बांध फुटला. कोलोन्तार आणि देवेचेर ह्या गावांत दाहक लाल पूर शिरला आणि दहा माणसे मेली. त्या गाळात जो सोडा होता तो फेऱ्यातून गळलेला. मघाची तीन टाक्यांची गोष्ट केवळ पैशांची नव्हती, ती इथे कळते. गाळ चांगला धुऊन, पिळून, कोरडा करून रचला तर धोका पुष्कळ कमी होतो आणि सिमेंटचे कारखाने लोहासाठी तो घेऊ शकतात. नागपूरजवळ वाडी येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. त्याच्या कामाचा एक मोठा भाग ह्या लाल गाळाचाच आहे.

श्रोतेहो, इथवर सारे ठीक आहे. पण कार्यक्षमतेला दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या डोंगरांशी येऊन भिडते.

उदाहरणादाखल वर्षाला तीन लाख टन ॲल्युमिना करणारा एक कारखाना घेऊ. त्याच्या दगडात काढता येण्याजोगा ॲल्युमिना शेकडा पंचेचाळीस आहे आणि त्यातला नव्वद टक्के हाती लागतो. टनामागे सुमारे दोन टन सत्तेचाळीस टक्के दगड लागला. वर्षाला सात लाख चाळीस हजार टन. दगडाचा थर दोन मीटर जाड धरला आणि घनमीटरला दोन टन वजन धरले, तर वर्षाला साडेअठरा हेक्टर माथा खरवडला गेला. छेचाळीस एकर. आता हाती लागणारे प्रमाण नव्वदावरून पंच्याण्णवावर गेले, तर वर्षाला जवळजवळ एक हेक्टर माथा वाचतो. कारखान्यातल्या माणसाने टाकीपाशी उभे राहून राधानगरीच्या एका सड्याचा तुकडा वाचविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे झाले एका बाजूचे. दुसरी बाजू अशी की, ज्या कारखान्याला कमी प्रतीचा दगड परवडू लागतो, त्याच्या दृष्टीने कालचा टाकाऊ दगड आज खनिज होतो. खनिज ही काही निसर्गाने ठरविलेली जात नव्हे. ज्यात खर्च वजा जाता काही उरते ते खनिज. सोड्याची गळती निम्मी करा, की सहा टक्के सिलिकेचा माथाही हिशेबात बसू लागतो. म्हणजे जी सुधारणा एक हेक्टर वाचविते, तीच दहा हेक्टर नव्याने नकाशावर आणू शकते. कारखान्यातले लोक हे सहसा बोलत नाहीत. डोंगरवाले कारखान्यातली टाकी पाहत नाहीत.

आणि माथ्यावर असते काय? भोकाभोकांचा जांभा पावसाचे पाणी आत घेतो आणि खालच्या घट्ट कातळावरून ते सावकाश कड्याच्या कडेला झऱ्यांनी सोडतो. आपल्या कुकडी, घोड आणि भीमा ह्या तिन्ही नद्या ह्याच घाटमाथ्याच्या पट्ट्यात उगम पावतात. माणिकडोहाचे आणि डिंभ्याचे पाणी वरून येते ते असे. श्रावण-भाद्रपदात ह्या पठारांवर बोटभर मातीत जी फुले येतात, ती खालच्या शेतात येत नाहीत. ३० जुलै २०१४ ला माळीणवर जे ओढवले, त्याचा बॉक्साइटशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण तेव्हापासून डोंगरावरचे पाणी कुठे मुरते आणि कुठे फुटते, हा प्रश्न आंबेगाव तालुक्यात पुस्तकी राहिलेला नाही. भीमाशंकरचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथे खाणीचा प्रश्न येत नाही. अभयारण्याच्या रेषेबाहेरही मात्र माथे आहेत, आणि पावसाने जांभा करताना ती रेषा पाहिलेली नव्हती.

माझे म्हणणे एवढेच की, टनामागे सोडा किती, कोळसा किती, हे जसे कारखान्याच्या फळ्यावर लिहिलेले असते, तसा टनामागे माथा किती, हाही एक रकाना त्यावर असावा. वरच्यासारखा हिशेब शाळकरी मुलगासुद्धा करू शकेल. गाळातला सोडा पुन्हा फेऱ्यात आणता येतो, वाफ परत आणता येते, पाणीही आणता येते. बायरच्या वर्तुळात परत न येणारी वस्तू एकच, ती म्हणजे दगड.

धातूचे मात्र तसे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर चेपलेले, कान तुटलेले जर्मनचे पातेले पडलेले असेल. ते मोडीत घातले, तर वितळवून पुन्हा धातू होण्यास, दगडापासून ती करण्यास जी ऊर्जा लागली होती तिच्या सुमारे पाच टक्के लागते. सोडा लागत नाही, गाळ उरत नाही, आणि बॉक्साइटचा एक खडासुद्धा लागत नाही.